कोरडी पायरी

कोणी घराबाहेर निघालं की त्याच्या पाठीमागे पाणी ओतायचं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो, ही आम्हा तुर्कस्तानातल्या कुर्दांची रीत. माझं अख्खं बालपण जपानात सरलं, तरी आईनं ती सोडली नाही. मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायला बाबा सरकारी कचेरीत निघाले की ती जिन्यात मगभर पाणी ओतायची, आणि ते नेमकं खालच्या कामियाबाईंनी वाळत घातलेल्या गादीवर गळायचं. परवा बाई हळू आवाजात तक्रार करून गेल्या. म्हणून आज आईनं भरलेला मग तसाच ओट्यावर ठेवला. "आधीच आपण इथे कुणाला नकोच आहोत," ती पुटपुटली. बाबा बूट चढवत हसले, "जपान्यांनी सुधारलं बाई तुला! चहा टाकून ठेव, आलोच." दुपारी फोन आला. मुदत वाढली नाही, बाबांना तिथेच कोठडीत घातलंय, तिथूनच परत तुर्कस्तानात धाडणार. आई रडलीसुद्धा नाही. तेवढ्यात बेल वाजली. दारात कामियाबाई, हातात संत्र्यांची पिशवी. कमरेत वाकून काहीतरी बोलल्या. "काय म्हणतात गं?" आईनं मला विचारलं, आता घरात जपानी कळणारी मी एकटीच. मला खोटं सुचलंच नाही. "म्हणतात, आज पाणी ओतलं नाहीत, फार उपकार झाले." आईनं पिशवी घेतली आणि त्यांच्याइतकीच वाकली. बाई खाली गेल्यावर ती जिन्यात जाऊन बसली, आणि कोरडी पायरी हातानं चाचपत राहिली.