आश्लेषेची सून

सून आश्लेषा नक्षत्राची, म्हणजे सासूला भोवणार, असं ज्योतिषीबुवांनी सांगितलं. लग्न होताच मुला-सुनेला वेगळं बिऱ्हाड करावं लागलं. सून नर्स होती. वॉर्डातल्या परक्या म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून चालवायची; सासूची औषधं मात्र पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून यायची.

"आई, आत येऊ का?"

"नको गं बाई, लांबच बरी तू."

एका सकाळी कालची पिशवी कडीलाच लटकलेली दिसली. दार फोडलं, तर न्हाणीघरात घसरून पडलेली सासू केव्हाच गार झाली होती. तिच्या हाका ऐकायला घरात कुणीच नव्हतं.

भेटायला आलेल्या आत्येसासूबाई सुनेकडे बघत म्हणाल्या,


"एवढी लांब ठेवली, तरी गिळलंच हिनं सासूला!"