टेपमधला हुंकार

धाकट्या मुलाचं, रवीचं, लग्न झालं त्या वर्षी, १९९४ साली, मी घराण्याची हकिकत टेप करू लागलो. लिहायला उशिरा शिकलो, हात सावकाश चालतो आणि दुकानातून वेळ मिळत नाही. गिऱ्हाईक नसलं की एकटाच बोलायचो.

टेप लावून ऐकली, तर गोष्ट ऐकणारं माणूस देतं तसा माझ्या प्रत्येक वाक्यामागं बाईचा हुंकार होता.

बायको, शिवकन्या, तेव्हा अंबाजोगाईला लेकीकडं होती. परतल्यावर तिला ऐकवलं.

"अवो, ही तर मीच हाय!"

टेपमधली गोष्ट रवीच्या लग्नापाशी आली आणि हुंकार थांबला. पुढं मी नव्या सुनेबद्दल बोलत राहिलो, एकटाच.

"झोपले असंल," ती हसली. "तुमी लई लांबवता."

शिवकन्या त्याच साली मार्गशीर्षात वारली.