सेंटर बंद होतं त्या दुपारी

टूनगॅबी या उपनगरात नीरजा आणि यतीनच्या घरामागे डेटा सेंटर सुरू झालं, तेव्हापासून एक बारीक घरघर अखंड ऐकू यायची. परसात पक्षी येईनासे झाले. शेजारची ट्रेसी झोपेच्या गोळ्या घ्यायला लागली. नीरजा काउन्सिलच्या मीटिंगमध्ये भांडून आली.

यतीन मात्र म्हणायचा, "मला तर आता ऐकूच येत नाही."

एका शनिवारी दुपारी दुरुस्तीसाठी सेंटर पूर्ण बंद ठेवलं. छतावरचे अजस्र पंखे थांबताना नीरजाने खिडकीतून पाहिले.

घरघर थांबली नाही.

तिने फ्रिज बंद केला, मग घराचा मेन स्विचच पाडला. तरी आवाज येतच होता. ती परसात गेली. बाहेर शुकशुकाट होता, ट्रेसीच्या दाराची कडी वाजलेलीसुद्धा ऐकू आली.

म्हणजे आवाज घरात होता.

आत येऊन ती भिंतींना कान लावत हॉलपर्यंत आली. सोफ्यावर यतीन मोबाइल बघत बसला होता. त्याच्याजवळ आवाज सगळ्यात मोठा होता.

"यतीन, गुणगुणू नकोस ना."

"मी कुठे गुणगुणतोय?"

"जरा श्वास रोख. प्लीज."

त्याने हसत ओठ घट्ट मिटले. नीरजाने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. शर्टाखाली सगळं बारीक थरथरत होतं.

तिने हात झटकन मागे घेतला.

"काय झालं गं? एवढी का घाबरलीस?" यतीनने काळजीने विचारलं.

तो बोलत होता, तेव्हाही त्याच्या छातीतली घरघर क्षणभर थांबली नाही.