तळवा

हेब्बाळच्या अनाथाश्रमात आसावरी संशोधनासाठी दरमहा मुलांची उंची मोजायला येई. मुलाला भिंतीशी उभं करायचं, डोक्यावर तळवा टेकवायचा, पेन्सिलनं खूण करायची. चिमुरडी मल्ली तेवढी छळायची. तळवा टेकला की मुद्दाम टाचा उचलायची, पुन्हा मोजा! "स्वल्प नीट उभी राहा गं!" आसावरी कानडी मिसळून करवादायची. आज तिच्या संशोधन संस्थेनं सरकत्या फळीचं लाकडी मापयंत्र दिलं. तळव्याची गरजच संपली. रांग भराभर सरकली. मल्ली टाचा टेकवून शहाण्यासारखी उभी राहिली. फळी टक्कन डोक्यावर उतरली. आकडा लिहून झाला तरी ती हलेना. "अक्का, हात?" तिनं हळूच विचारलं.  पेन ठेवून आसावरीनं मल्लीच्या डोक्यावर तळवा टेकवला. बाहेर तिला न्यायला आलेल्या संस्थेच्या जीपचा हॉर्न वाजला. तिनं मान वर केली, तर मोजून झालेली सगळी मुलं पुन्हा रांगेत उभी होती.