हाकेच्या शेवटचं फुस्स

तिसऱ्यांदा हाक मारली तरी शोलपान गरुडीण खाली येईना.

दालेलखान म्हातारा घोड्यावर बसून हातमोज्यातलं मांस हलवत होता. थंडीच्या शिकारीआधीचा हा पहिला सराव. टेकडीच्या माथ्यावरून त्याच्या जावयाने, कुआनने, गरुडिणीच्या डोळ्यांवरची टोपी काढून तिला सोडलं होतं. ती सरळ म्हाताऱ्याच्या डोक्यावरून उडत गेली, परक्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि समोरच्या कड्यावर जाऊन बसली.

कित्येक हिवाळे ती याच हातावर वाढली होती. आज काय बिनसलं, म्हाताऱ्याला काही सुधरेना. खाऊन माजली म्हणावं, तर सकाळीच त्याने तिला चाचपलं होतं. छातीचं हाड बोटाला लागत होतं. घोडा तोच, मांस तेच. आणि एकदा का ती दरीपलीकडे गेली, की मग कसली शोलपान नि कसलं काय.

कुआन घोडा दामटत खाली आला.

"उन्हाळाभर काय चारलंस रे तिला?"

"तुम्ही सांगितलं तेच, अके. रक्त धुतलेलं मांस, अंगावर चरबी चढू नये म्हणून." सासऱ्याला तो अके, म्हणजे बापच म्हणायचा.

"मग मला ओळख का दाखवत नाही ती?"

"मला काय ठाऊक? मी ट्रक चालवणारा माणूस."

तेवढ्यात शोलपानने पंख झटकून तोंड दरीकडे फिरवलं. कुआनने घाबरून मांसाचा तुकडा धरलेला हात वर केला आणि हाक मारली. ती निघाली ती थेट त्याच्या हातावर, आणि मांस तोडू लागली.

म्हातारा घोडा पुढे काढून ओरडला.

"लेक नेलीस ती नेलीस, आता हिलाही फितवलंस. आणि वर माझ्या म्हातारपणाची नक्कल? हाकेच्या शेवटी फुस्स करतोस ते?"

कुआनला काहीच कळेना. "नक्कल कसली, अके? तुम्ही मला शिकवलीत ती हाक अशीच होती. ते फुस्स जमायला अख्खा हिवाळा गेला माझा. पुढचे दात मध्ये येतात हो."

दालेलखानची जीभ हळूच पुढच्या दातांवरून फिरली. ऐन उन्हाळ्यात लेकीने हट्टाने शहरात नेऊन त्याला कवळी बसवून आणली होती.

तो घोडा घेऊन लांब गेला. पाठ फिरवून त्याने कवळी काढली आणि खिशात टाकली.

"सोड तिला."

त्याने हाक मारली. शोलपान झेपावली, अर्ध्या वाटेवर आली, आणि सवयीने कुआननेही हाक मारली. ती हवेतच अडखळली. मान इकडे, मान तिकडे. दोन्हीकडून एकच हाक. ती घिरट्या घालू लागली आणि वारा तिला घिरटीगणिक दरीकडे ओढू लागला.

म्हाताऱ्याचा हात वरच होता. अजून एक हाक, की कदाचित ती त्याची. कदाचित कुणाचीच नाही. त्याने हात खाली घेतला आणि कवळी तोंडात बसवली.

"बघतोस काय? मार हाक!"

कुआनने हाक मारली. ती आली.

परतताना कुआन चाचरत म्हणाला, "अके, ते फुस्स चुकीचं असेल तर सोडून देतो मी."

"सोडू नको. उद्या पोरांना शिकवशील, तेव्हा त्यांनाही तसंच करायला लाव."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

म्हाताऱ्याने घोड्याला टाच दिली.

"सांग, आमच्यात असंच असतं."