मांडीखालचं पान

"तीन राण्या!" शकूवहिनींनी पत्ते उताणे टाकले. "रेवती, आता उद्याचं पुरण तुझ्याकडे."

गौरीजेवणाच्या आदल्या दुपारी आम्ही जावा तीन पत्ती खेळतो. पैशांवर नाही, कामांवर. चातुर्मासात खरंच बोलायचं हा माझा नेम, आणि या खेळात थापा माराव्याच लागतात, म्हणून मी खेळत नाही, फक्त पानं वाटते. धाकटी रेवती हिरमुसली, पण मला हायसं वाटलं. थोरल्या शकूवहिनींचा खांदा आखडलाय, पाट्यावर दोन किलोंचं पुरण त्यांना कुठलं झेपायला!

पाणी आणायला उठते तर मांडीखाली चौकटची सत्ती! कॅटात एक पान कमी असलं की डाव रद्द, हा सासूबाईंच्या वेळचा नियम. मी पुन्हा बसले आणि सत्तीवर हळूच पदर ओढला. कुणी विचारलंच नाही, तर खोटं बोलण्याचा प्रश्न येतो कुठे?

"ताई, पानं सगळी होती ना हो?" रेवतीने विचारलंच.

मी गौराईचं नाव घेतलं आणि पदर बाजूला केला.

"अगं, तुझा नेम माझ्या खांद्यावर का?" वहिनी कडाडल्या. "मला आयुष्यात पहिल्यांदा तीन राण्या आल्यात!"

"पण नियम म्हणजे नियम," रेवती हसू दाबत म्हणाली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "डाव रद्द. पुरण मी करते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पुढचा डाव भांडी घासण्याचा," वहिनी मधाळ आवाजात म्हणाल्या. "पानं तूच दे हं. आणि चुकलीस, तरी आम्ही मुळीच रागावणार नाही."