टिटवीची राखण

तिचे बाबा छत्री उघडून रोजच्यासारखे खडीजवळ बसले होते. नव्या टॉवरसाठी पसरलेल्या त्या खडीत टिटवीची चार अंडी होती; डंपर आला की बाबा उठून हात आडवा करत. तिची ऑफिसची गाडी तिथूनच गेली.

"कोण गं हा येडा?" मैत्रिणीने हसत विचारलं.

"मी नाही ओळखत," ती म्हणाली. काच उघडीच होती. रात्री जेवताना बाबा फक्त अंड्यांबद्दल बोलले आणि पहाटे झोपेतच गेले.

चौदाव्या दिवशी ती तिथे उभी राहिली. अंड्यांच्या जागेभोवती विटांचं कडं होतं, काठीला लाल फडकं होतं आणि डंपर वळसा घालून जात होते.

एक ड्रायव्हर खाली उतरला. "ताई, आज चारही पिल्लं निघाली. काकांना सांगायचंय, पण ते येतच नाहीत. तुम्ही ओळखता का त्यांना?"

खडीवर चार ठिपके धावत होते. तिने मान ताठ केली. "गेले ते, दादा." मग साऱ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझे बाबा होते ते."